टपातलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, सासूला तर नाहीच — ती जाऊनही आता काही वर्षं झाली. आईला सांगावं असं कैकदा मनात आलं होतं. माहेरी जायचे, चुलीपुढं बसायचे, तिच्या हातचं भरीत खायचे आणि परत यायचे. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं शोधत बसले तर पुन्हा सांगायचं राहील.

तसं पाहिलं तर गोष्ट लहान आहे. एक बैल मेला आणि एक बाई गाव सोडून गेली. खेड्यात दोन्ही होत असतं.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापुढं, जंगलाला लागून. धानाचा मुलूख. आषाढात रोवणा — म्हणजे भाताची लावणी — दिवाळीच्या आसपास कापणी, थंडीत बांध्यांमध्ये, म्हणजे धान निघालेल्या वाफ्यांत, लाखोळीची डाळ, होळीनंतर मोह वेचायचा, वैशाखात तेंदूपत्ता. बाईचं वर्ष असं कामांनीच ओळखायचं. महिने कोण मोजतं? मी बारावी शिकून या घरात आले, तेव्हा मला रोवणा येत नव्हता. चिखलात कमरेतून वाकून मागं मागं सरकत रोपं खोचायची, ती ओळ सरळ कशी येते, हे मला पारबता मावशीनं शिकवलं.

पारबता मावशी आमच्या शेजारी राहायची. नात्यातली नव्हे, वयानं मोठी म्हणून मावशी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. एक खोली, मागं एवढीशी वाडी, तिच्यात वांगी आणि भेदरं — टमाट्याला आमच्याकडं भेदरं म्हणतात. ती काही देवमाणूस नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला देव्हाऱ्यात बसवाल. तोंडाळ होती. रोज दुपारी आमच्या छपरीत येऊन बसायची, चहा प्यायची, आणि कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून माहेरून का परत येईना, ते सगळं सांगायची. आमच्या घरातलंही बाहेर सांगत असणारच. डाळीचा डबा उघडा दिसला की मूठभर उचलून पदरात बांधायची, न विचारता. मला राग यायचा. पण वैशाली झाली तेव्हा माझं अंग तिनंच शेकलं होतं, म्हणून बोलता यायचं नाही. हाही रागच होता एक प्रकारचा — नाही का?

तिची आणखी एक सवय होती. चांगलं काही दिसलं की मोठ्यानं बोलायची. "का गुटगुटीत लेकरू हाय वं!" "का दूध देते बाप्पा तुही गाय!" सासूला ते खपायचं नाही. मावशी उठून गेली की ती मीठ-मोहऱ्या घेऊन वासरावरून, वैशालीवरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. दुसऱ्या दिवशी मावशी आली की, "चहा ठेव वं," हेही तीच सांगायची. दोन्ही एकाच घरात चालायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मला मीठ-मोहऱ्यांचं हसू यायचं, कारण मी शिकलेली होते.

आमची बैलजोडी होती, चांद्या आणि हिऱ्या. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका. अंगानं मोठा, स्वभावानं दांडगा. हिऱ्याला कधी आधी पाणी पिऊ द्यायचा नाही. माझा नवरा फारसा बोलणारा नाही, पण चांद्याशी बोलायचा. नांगर धरताना, बंडी हाकताना, काहीबाही बोलत राहायचा. मी कधी कधी ऐकत उभी राहायचे. माझ्याशी तो इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तुम्हाला चांद्या कोण होता ते कळावं म्हणून सांगते.

वैशाली त्या वर्षी दहावीला होती. पोळा तोंडावर आला होता. पावसानं जरा उघाड दिली होती, आणि त्या सकाळी मी बैलांची पाण्याची कुंडी उपसून घासली. तळाला शेवाळ धरलं होतं. पोळ्याआधी स्वच्छ असावी म्हणून. घासून तशीच उन्हात वाळू दिली. मग ती भरायची राहून गेली. राहून गेली — हा शब्द फार सोयीचा आहे. मी भरली नाही.

नवरा बंडीतून शेतावर युरिया घेऊन गेला होता, धानाला टाकायला. दुपारी परतला तो रिकामी पोती घेऊन. ती पोती आम्ही फेकत नाही. धुऊन, उसवून, एकमेकांना जोडून त्यांचं अंथरूण होतं, पावसात डोक्यावर घ्यायची खोळ होते. एका पोत्याच्या तळाशी ओल लागून खताचे गोळे धरले होते; झटकले तरी निघेनात. चांगल्या दोन-तीन ओंजळी असतील. मी ते पोतं तसंच निळ्या टपात भिजत घातलं आणि हातानं चोळलं. गोळे विरघळले. युरिया विरघळला की पाणी साध्या पाण्यासारखंच दिसतं. फक्त गार होतं. हाताला ते गार लागलेलं मला आठवतं. पोतं पिळून कुंपणावर टाकलं. टपातलं पाणी वाडीत सगळीकडं थोडं थोडं शिंपून टाकू, असा विचार होता. तेवढ्यात सासूनं छपरीतून हाक मारली, "डाळ लागून राह्यली वं, वास येऊन राह्यला!" मी आत गेले. टप अंगणात तसाच.

नवऱ्यानं बंडी सोडली होती आणि पोळ्याला सगळे बैल ज्याखाली जमतात त्या तोरणाचं विचारायला तो चौकात गेला होता. बैल मोकळेच होते. चांद्याला बांधायची गरज नसायची.

मी डाळीत पाणी ओतत होते. बाहेरून पारबता मावशीचा आवाज आला —

"अवं सूनबाई! तुहा चांद्या टपात तोंड घालून राह्यला!"

आणि मी आतून म्हणाले, "पिऊ द्या ना मावशी, तहानला असन."

हे मी म्हणाले. टपात काय आहे ते मला माहीत होतं, माझ्या हाताला अजून त्याचा वास होता — आणि तरी त्या वेळी ते डोक्यात नव्हतं. असं होतं का माणसाला? होतं. इथवर मी स्वतःला दोष देत नाही. चूक होती. चुका सगळ्यांच्या हातून होतात. पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

बाहेर मावशी म्हणत होती, "का देखणा बैल हाय वं! ह्या पोळ्याले असा बैल गावात नाई दुसरा." तेवढ्यात परसातून आत आलेल्या सासूनं जीभ चटकावल्याचंही मला ऐकू आलं; आधीचं टपाचं बोलणं तिच्या कानावर पडलं नव्हतं.

मग टपात काय होतं ते मला आठवलं. मी बाहेर आले. टप जवळजवळ रिकामा होता. चांद्याच्या तोंडातून पाणी गळत होतं, मावशीचा हात त्याच्या पाठीवर होता, आणि हिऱ्या मागं आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा होता.

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतं आहे. चौकात धावत जायचं. ओरडायचं. मावशी पाठमोरी होऊन चांद्याला थोपटत होती तोवर मी टप उचलला, उरलेलं पाणी कुंपणाच्या बाहेर ओतलं आणि मावशीला म्हटलं, "बसा, चहा ठेवते." काही होणार नाही, असं मनाशी म्हटलं. एवढा मोठा बैल. एवढंसं खत.

मावशीचा चहा संपायच्या आत चांद्याचे पाय थरथरायला लागले. तोंडाला फेस आला. पोट एका बाजूनं फुगत चाललं. तो खाली बसला, उठायला गेला आणि कोसळला. हंबरला — ते हंबरणं मी वर्णन करून सांगणार नाही. मावशीच धावत चौकात गेली आणि माझ्या नवऱ्याला घेऊन आली. मागून गाव आलं.

त्या मधल्या वेळात मी दोन कामं केली. पहिलं, चुलीतली राख घेऊन टप घासला. दुसरं, विहिरीचं पाणी आणून कुंडी भरली. सासू चांद्याजवळ बसून रडत होती, तिनं पाहिलं नाही. बैल अजून श्वास घेत होता आणि मी टप घासत होते. इतक्या वर्षांत मी पुष्कळ गोष्टींना नावं ठेवायला शिकले, पण याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. घाबरले होते? मार बसला असता का? नाही. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर कधी हात उचललेला नाही. सासू चार दिवस बोलली असती. बस. ज्या बाईनं बैल मारला, ती मला व्हायचं नव्हतं. इतकंच होतं ते.

नवऱ्यानं तालुक्याच्या गावी गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. फोनवर बोलता बोलता तो सगळ्यांकडं वळून म्हणाला, "काई खाल्लं-पेलं का म्हून विचारून राह्यले. युरियाचं पाणी-गिनी?" आणि माझ्याकडं पाहिलं. विश्वासानं पाहिलं. घरी मीच होते.

मी म्हणाले, "नाई."

"पक्कं?"

"पक्कं. कुंडीतलं पाणी पेला फक्त."

तेव्हा पारबता मावशी गर्दीतून पुढं आली. "कुंडीतलं नाई ना वं सूनबाई. टपातलं पेत होता. मी तुले आवाज देला नाई का?"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. आणि मी, अगदी शांतपणे — माझा आवाज कापलासुद्धा नाही — म्हणाले, "नाई मावशी. टप तं रिकामा हाय. कुंडीतलं पेला तो."

टप अंगणात पालथा होता, कोरडा, राखेनं लख्ख. कुंडी काठोकाठ भरलेली. मावशीनं टपाकडं पाहिलं, कुंडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ती भांडेल असं मला वाटलं होतं. भांडण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण ती गोंधळली. "असन बाप्पा," ती म्हणाली. "बुढी झाली मी. टपासारखंच दिसलं मले."

चांद्या मेला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. डॉक्टर नंतर आले. दुसऱ्या गावी अडकले होते बिचारे. त्यांनी पापणी उघडून पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "विषबाधा वाटते." उघडून पाहतो, म्हणाले, नवऱ्यानं नको म्हटलं. चांद्याला चिरायला त्याचं मन होईना. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खड्डा खणून त्याला पुरला, मीठ टाकून.

पुढं कधीतरी जनावरांना लस टोचायला तेच डॉक्टर आले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, युरिया पोटात गेला तर जनावर वाचतं का हो? "लवकर कळलं तर वाचतं कधी कधी," ते म्हणाले. "व्हिनेगर पाजायचं, भरपूर थंड पाणी पाजायचं. पण लोक सांगतच नाहीत वेळेवर." मी मान हलवली आणि गायीचं दावं धरून उभी राहिले.

तर, विष म्हणाले डॉक्टर. आणि घरी बाहेरचं कोण आलं होतं? मावशी. बैलाच्या पाठीवर हात कुणाचा होता? तिचा. असा बैल गावात नाही, असं कोण म्हणालं? तीच. आणि टपातलं पाणी प्याला असं खोटं का बोलली? सासूनं हे सगळं दुसऱ्याच दिवशी एका धाग्यात ओवलं. अर्धं गाव म्हणायचं नजर, अर्धं म्हणायचं काहीतरी चारलं. मी यातलं काही बोलले नाही. हे खरं आहे, आणि पुष्कळ दिवस मी या खऱ्याचा आधार घेतला. मी कधी करणी म्हटलं नाही. कुणाचं नाव घेतलं नाही. मी फक्त सांगितलं की बैल कुंडीतलं पाणी प्याला.

पोळ्याला नवरा तोरणाखाली गेलाच नाही. हिऱ्याला घरीच ओवाळलं. मी पुरणपोळ्या केल्या. ताट मावशीकडं दरवर्षी जायचं, त्या वर्षी सासूनं झाकून ठेवलं आणि संध्याकाळी गायीला घातलं. मावशी तिच्या दारात बसली होती. तिला आमच्या चुलीचा वास येत असणार.

कुणी तिला मारलं नाही, कुणी घर जाळलं नाही. तसलं आजूबाजूला कुठं कुठं झालेलं आम्ही ऐकून होतो, पोलीस येतात हेही माहीत होतं. आमचं गाव सुधारलेलं. आमच्या गावात फक्त दारं लागली. कापणी आली तेव्हा बायांच्या टोळीनं तिला बोलावलं नाही. "टोळी भरली मावशी," म्हणाल्या. टोळी कधी भरते का? चुरण्याच्या दिवसांत, म्हणजे धान मळताना, खळ्यावर ती सुपं पाखडायला यायची. त्या वर्षी आली तर खळ्याच्या मालकानं लांबूनच हात केला. कुणाची शेळी गाभडली, कुणाच्या पोराला ताप आला — एकदा नाव लागलं की सगळं पाणी त्याच उताराला जातं. लहान पोरांना आया पदराखाली घ्यायच्या.

आमच्या छपरीत ती एक-दोनदा आली. सासू उठून आत गेली. मी चहा दिला, पण कप तिच्या हातात न देता खाली ठेवला. मग येईनाशी झाली. थंडीत आमच्या लाखोळीची डाळ भरडून झाली, डबे भरले. डबा उघडा राहिला तरी आता त्यात कुणाची मूठ पडत नव्हती. मला बरं वाटलं का? सुरुवातीला — हो. खोटं कशाला सांगू. दुपारची झोप मिळायला लागली होती.

मग मोहाचे दिवस आले. मोहफुलं पहाटे गळतात. उजाडायच्या सुमारास जंगलात जाऊन वेचावी लागतात. आमच्या जंगलात वाघ आहे. त्यामुळं बाया एकट्या जात नाहीत, घोळक्यानं जातात, बोलत, डबे वाजवत. मावशीला कुणी घोळक्यात घेतलं नाही. ती एकटी जायची.

एकटी. मोह वेचणारी बाई खाली वाकलेली असते, बसलेली असते. वाघाला ते माणूस वाटत नाही, असं म्हणतात. आमच्याच भागात अशा बाया गेल्या आहेत. मी आमच्या घोळक्याबरोबर वेचायला बसायचे आणि माझं लक्ष दुसऱ्या बाजूच्या झाडांकडं असायचं, जिथं ती एकटी असायची. डबा नाही, बोलणं नाही. कधी पाचोळा वाजला की मी उठून उभी राहायचे. घरी येऊन मी अंगणात मोह वाळत घालायचे आणि रस्त्याकडं पाहत राहायचे. ती टोपलं डोक्यावर घेऊन दिसली की हायसं वाटायचं. आणि लगेच चीड यायची — तिची. कशाला जाते ही? का मला हे रोज बघायला लावते? असं वाटायचं मला. ऐका, असं वाटायचं.

एका सकाळी मी घोळक्यातून उठले आणि तिच्या झाडाकडं चालू लागले. सांगणार होते का? कदाचित. निदान तिच्याजवळ बसून वेचणार होते. अर्ध्या वाटेवर मागून एकीनं विचारलं, "कुठी चालली वं तू तिकडं?" मी म्हणाले, "कुठी नाई." आणि वळले. मावशीनं वर पाहिलं होतं. मी येते आहे हेही तिनं पाहिलं असणार, आणि वळले हेही.

वाघानं तिला काही केलं नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात सगळ्यांच्या अंगणात पानांचे पुडके बांधायला माणसं जमायची, गप्पा चालायच्या. ती तिच्या दारात एकटीच बांधत बसायची. हंगाम संपला आणि पुन्हा रोवण्याचे दिवस आले तेव्हा तिच्याकडं काम नव्हतं. कोरपन्याकडं तिची भाची दिली होती, कापसाच्या मुलखात. तिथं जायचं ठरलं, असं कानावर आलं.

निघायच्या दिवशी ती आमच्या दारात आली. एक गाठोडं, एक पिशवी. सासू देवळात गेली होती, नवरा शेतावर. मी सारवत होते. हात शेणानं भरलेले. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"सूनबाई," ती म्हणाली, "तू शिकेल हायस. तुले एक विचारू? तू घरीच होतीस ना त्या दिवशी. मले खरं सांग — माह्यानं काई झालं का वं?"

घरात कुणी नव्हतं. गल्लीत कुणी नव्हतं. ती जाणारच होती. तिला सांगितलं असतं तर गावाला कळलंच असतं असंही नव्हतं. एक शब्द पुरला असता — नाही. फक्त 'नाही' म्हणायचं होतं. डॉक्टरला जो शब्द इतक्या सहज दिला, तोच.

मी म्हणाले, "मले का मालूम, मावशी."

तिनं गाठोडं काखेत घेतलं. मग म्हणाली, "वैशूले सांग, बुढी गेली म्हून." आणि बसच्या थांब्याकडं चालू लागली. मी उरलेली ओसरी सारवली.

वैशाली बारावी झाली, पुढं शिकली, तिचं लग्न झालं. जावई सिमेंटच्या कारखान्यात आहे, घर कोरपन्याजवळ. सोयरीक जुळली तेव्हा गावाचं नाव ऐकून मी दचकले होते, पण मुलगा चांगला होता. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. बाळंतपण माझ्याकडं झालं. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर मी दोघांना सोडायला गेले, तेव्हा वैशालीनंच विषय काढला. "आई, पारबता आजी इथं जवळच्याच गावात राहते. बाळ दाखवून येऊ. तिनं मला किती अंगाखांद्यावर खेळवलंय."

मी हो म्हटलं. तुम्हाला सांगते, सांगायचंच म्हणून गेले. आटोत बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. त्या दिवशी टपात युरिया होता. मी घासला टप. तुम्ही बरोबर पाहिलं होतं. तीन वाक्यं.

भाचीचं घर नीटनेटकं होतं, अंगणात कापसाचा ढीग. मावशी भिंतीला टेकून बसली होती. फार वाळली होती, पण ओळखलं लगेच. "सूनबाई! ये वं ये. वैशू! केवढी झाली बाप्पा!" हसली. जुना आवाज. माझ्या छातीवरचं थोडं उतरलं. मला वाटलं, आता जमेल.

वैशालीनं बाळ पुढं केलं. "घे आजी, तुझी पणती."

आणि पारबता मावशीनं तोंड फिरवलं. भिंतीकडं. पदर ओढून डोळ्यांवर घेतला आणि हातानं दूर, दूर असं करू लागली. "नको बाई. मले नको दाखवू. ने तिकडं. लेकरू चांगलं राहू दे."

"अगं आजी, काय झालं?"

"माही नजर बेकार हाय वं. मी पाहत नाई कोणाच्या लेकराले. तुया मायले इचार. तिचा बैल..." पुढचं पदरातच राहिलं.

भाची मला हळूच म्हणाली, "असंच करते ती. माझ्या पोरांकडंही पाठ करून बसायची. आम्ही मानत नाही असलं, खूप समजावलं. पण तिच्या डोक्यात बसलं आहे."

गावानं म्हटलं होतं, ते मी ऐकलं होतं. तिनंही ते मानलं असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. उंबऱ्यावर उभी राहून तिनं मला विचारलं होतं आणि मी मला काय माहीत म्हणाले होते, त्याचा तिनं हा अर्थ काढला होता. दुसरा कोणता काढणार?

तीन वाक्यं माझ्याजवळ होती. ती समोर होती, तोंड झाकून. मी चहा प्याले. कापसाला यंदा भाव कसा आहे ते भाचीला विचारलं. निघताना वाकून मावशीच्या पाया पडले; तिनं न पाहताच हात माझ्या डोक्यावर ठेवला. परतताना आटोत वैशालीनं विचारलं, "आई, बैलाचं काय म्हणत होती ती?"

"बुढं माणूस," मी म्हणाले. "काहीबाही बोलतं."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. भाचीनं वैशालीला कळवलं, वैशालीनं मला फोन केला. धानाचं चुरणं चालू होतं, मळणीयंत्राच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तिला दोनदा सांगावं लागलं. दुपारी नवरा खळ्यावरून जेवायला आला. मी ताट वाढलं आणि सांगितलं, पारबता मावशी गेली. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "चांगली होती बाई. पण..."

मी त्याला आणखी भात वाढला.